आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : गोळी लागू पडते, पण डोके ठणकते

प्रश्न १ : माझे वय ५६ असून मी सातारा जिल्ह्यात राहतो. रक्तदाबासाठी रोज सकाळी अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी घेतो. वर्षभरापासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून सिल्डेनाफिलची १०० मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमधून आणतो आणि रात्री जेवण झाल्यावर घेतो. गुण येतो, पण कधी कधी दोन दोन तास वाट पाहावी लागते, आणि नंतर डोके ठणकते, कानशिले तापतात, नाक चोंदते, छातीशी जळजळते. एकदा तर ट्यूबलाइटचा उजेड निळसर दिसला. गोळी मला उष्ण पडते, असे पत्नीचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : गोळी आपल्याला उष्ण पडत नाही आणि ही अ‍ॅलर्जीही नव्हे. ज्या क्रियेमुळे गुण येतो, त्याच क्रियेमुळे हा त्रास होतो. कामोत्तेजनेच्या वेळी शिश्नातील मज्जातंतू व रक्तवाहिन्यांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्यातून पुढे सायक्लिक जीएमपी नावाचे रसायन तयार होते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरून ताठरता येते. हे रसायन मोडून टाकणारे एक विकर (एन्झाइम) शरीरात असते आणि सिल्डेनाफिल त्या विकराला काही तास अडवून धरते. परंतु हे विकर डोक्याच्या, चेहऱ्याच्या व नाकाच्या रक्तवाहिन्यांतही असते, त्यामुळे त्याही रुंदावतात. अन्ननलिकेच्या तळाशी असलेला स्नायू ढिला पडतो आणि जठरातील आम्ल वर येते. डोळ्याच्या पडद्यात याच विकराचा एक भाऊबंद असतो व मोठ्या मात्रेत गोळी त्यालाही थोडी अडवते. आपल्याला दिसलेली निळसर झाक ही त्याचीच खूण होय. हे औषध मुळात हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या छातीतील वेदनेसाठी अजमावले जात होते आणि ताठरतेवर त्याचा उपयोग होतो हे त्या चाचण्यांत ध्यानात आले. १९९८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एका अर्थी ताठरता हाच त्याचा पहिला दुष्परिणाम म्हणायचा.

आता आपल्या त्रासाचे मुख्य कारण सांगतो. आपण थेट सर्वांत मोठ्या मात्रेपासून सुरुवात केली. एरवी ५० मिलिग्रॅमपासून आरंभ करतात आणि पासष्टी ओलांडलेल्यांना, तसेच यकृत वा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना २५ पासून. औषधाच्या चाचण्यांत २५ मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी १६ जणांचे डोके दुखले, ५० च्या मात्रेला २१ जणांचे आणि १०० च्या मात्रेला २८ जणांचे. औषधाविना नुसती गोळी दिलेल्यांतही हे प्रमाण ७ होते, हेही ध्यानात घ्यावे. जळजळीचा हिशेब अधिक बोलका आहे : २५ ला ३, ५० ला ९ आणि १०० ला १७. दृष्टीतील बदल ५० च्या मात्रेला शंभरात दोघांना जाणवला, १०० च्या मात्रेला अकरा जणांना. तेव्हा डॉक्टरांशी बोलून मात्रा निम्मी करणे हा पहिला उपाय, आणि पुष्कळांना एवढाच पुरतो.

दुसरा मुद्दा जेवणाचा. तेलकट, तुपकट जेवणावर ही गोळी घेतली, तर ती रक्तात उतरायला सुमारे तासभर उशीर होतो आणि तिची रक्तातील कमाल पातळीही घटते. तर्रीदार मटण-भाकरीच्या जेवणानंतर गोळी घ्यायची, तासाभरात काही झाले नाही म्हणून दुसरी घ्यायची आणि मग दोन्हींचा त्रास एकदम भोगायचा, हा प्रकार माझ्याकडे येणाऱ्यांत वरचेवर दिसतो. चोवीस तासांत एकच गोळी, हा नियम मोडू नये. रात्रीचे जेवण हलके व लवकर ठेवावे आणि गोळी संबंधाच्या सुमारे तासभर आधी घ्यावी. केवळ गोळी घेतल्याने ताठरता येत नाही, उत्तेजना लागतेच. त्यामुळे पहिल्या एक-दोन प्रयत्नांत कमी मात्रेने साधले नाही, तर लगेच मात्रा वाढवण्याची घाई करू नये. मद्य त्या दिवशी टाळलेले बरे. तेही रक्तवाहिन्या रुंदावते, रक्तदाब उतरवते आणि ताठरतेलाच मारक ठरते.

अ‍ॅम्लोडिपिनसोबत ही गोळी साधारणपणे चालते, पण रक्तदाब सरासरी वरचा ८ आणि खालचा ७ अंकांनी आणखी उतरतो. म्हणून रात्री लघवीसाठी उठताना झटकन उभे राहू नये, काठावर मिनिटभर बसून मग उठावे. पुढे प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी सुरू झाली, तर आपण सिल्डेनाफिल घेता हे त्या डॉक्टरांना सांगावेच, कारण दोन्ही मिळून घेरी येऊ शकते. आणखी एक जोडी सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नायट्यासाठी हल्ली सर्रास दिले जाणारे इट्राकोनॅझोल आणि घसा-छातीच्या संसर्गासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे सिल्डेनाफिलचा यकृतातील निचरा रोखतात. परिणामी नेहमीचीच गोळी अंगात कितीतरी पटीने भरते. ती औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

डोकेदुखीवर पॅरासिटामॉल घ्यावे. जळजळ असताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके नकोत. चोंदलेल्या नाकासाठी सर्दीच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांतील काही घटक रक्तदाब वाढवतात. मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

एवढे करूनही त्रास राहिला, तर याच वर्गातील टाडालाफिल या गोळीचा पर्याय डॉक्टर सुचवतील. त्यावर जेवणाचा परिणाम होत नाही, दृष्टीतील निळसरपणा क्वचितच दिसतो आणि परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. मात्र डोकेदुखी व जळजळ तिनेही होऊ शकते. शिवाय काहींची कंबर व मांड्या गोळीनंतर १२ ते २४ तासांनी दुखू लागतात आणि हे दुखणे बहुधा दोन दिवसांत थांबते. एक गृहस्थ यापायी महिनाभर कमरेला पट्टा बांधून हिंडत होते. दुखणे दर रविवारी का उठते, हे शनिवारच्या गोळीचा विषय निघेपर्यंत त्यांना उमगले नव्हते.

शेवटी, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीबद्दल. हे औषध चिठ्ठीवरच द्यायचे आहे आणि त्यामागे कारण आहे. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने त्या आधी आकसतात, आणि ताठरतेची तक्रार छातीतील कळेच्या काही वर्षे आधी उमटू शकते. आपले वय व रक्तदाब पाहता साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणी एकदा करून घ्यावी.

प्रश्न २ : मला मधुमेह आहे. मला अ‍ॅलोपॅथीची गोळी नको होती, म्हणून एसटी स्टँडजवळच्या दुकानातून जडीबुटीच्या कॅप्सूल आणल्या. तासाभरात गुण आला, पण तोंड लालबुंद झाले आणि डोके धरले. जडीबुटीनेही असे होते का?

उत्तर : तासाभरात गुण, लाल तोंड आणि धरलेले डोके ही खूण ओळखीची आहे. अशा ‘नैसर्गिक’ कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडे मिसळलेली असल्याचे अनेक देशांतील तपासण्यांत वारंवार आढळले आहे. आपण टाळू पाहत होता तीच गोळी बहुधा आपल्या पोटात गेली, आणि तीही किती मात्रेत ते न कळता. उरलेल्या कॅप्सूल घेऊ नका. मधुमेहात या औषधांचा गुण थोडा कमी येतो, पण येतो. साखर आटोक्यात आणून, मात्रा ठरवून ती घेता येतात.

प्रश्न ३ : दोन वर्षांपूर्वी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. छातीत दुखले तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट दिलेली आहे. परवा कपडे धुताना त्यांच्या खिशात टाडालाफिलची स्ट्रिप सापडली. त्यांना विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : ताई, संकोच बाजूला ठेवून आजच बोला. या दोन गोळ्यांची गाठ पडता कामा नये. सॉर्बिट्रेट नायट्रिक ऑक्साइड पुरवते, टाडालाफिल त्याचा परिणाम ओसरू देत नाही, आणि रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जाण्याची भीती असते. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या वर्गातील औषधे, देत नाहीत. छातीतील वेदनेसाठीच्या निकोरँडिल या गोळीबाबतही हेच. टाडालाफिल घेतलेले असताना छातीत कळ आली, तर सॉर्बिट्रेट न देता १०८ ला फोन करा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना आधी सांगा. तसेच ताठरता चार तासांहून अधिक टिकली, अथवा एका डोळ्याची दृष्टी किंवा ऐकू येणे अचानक गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यजमानांची इच्छा चुकीची नाही. सॉर्बिट्रेटची गरज त्यांना अजून आहे का, आणि असल्यास व्हॅक्युम पंपासारखा दुसरा मार्ग योग्य ठरेल का, हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. ती स्ट्रिप फेकून देऊ नका. किती गोळ्या संपल्या आहेत हे तिच्यावरून कळते, म्हणून ती सोबत घेऊन दोघांनी मिळून त्यांच्याकडे जावे. तोवर यजमानांनी त्यातली एकही गोळी घेऊ नये.