कार्लटनला जाण्याआधी: तुझ्या शनिवार-रविवारबद्दल

तुझ्या पत्रात खरे प्रश्न तीनच आहेत. दोन हजार मुलांचं कार्लटन कॉलेज आणि वीस हजार वस्तीचं अमेरिकेतलं नॉर्थफिल्ड गाव, मग सुट्टीच्या दिवशी तिथे करायचं काय? दारू न पिता मैत्री जमते का? आणि मिनेसोटाच्या थंडीत, गाडी नसताना, माणूस खोलीत अडकून पडतो का? मी तिथेच शिकले आणि आता सेंट पॉलला राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सुट्टीचा दिवस कसा जातो हे वर्ग आणि प्राध्यापकांइतकंच महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

मोठ्या अमेरिकन विद्यापीठात शनिवार आयता मिळतो. फुटबॉलचा सामना असतो, सगळं गाव स्टेडियमवर लोटतं, आपणही त्यांच्या मागून जायचं. कार्लटनसारख्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात बघण्यासारखं थोडं आणि हात घालण्यासारखं भरपूर. नाटक मुलंच बसवतात, बँड मुलांचे असतात, केआरएलएक्स हे 88.1 एफएमवरचं रेडिओ केंद्र मुलंच चालवतात. इव्हान्स या वसतिगृहाच्या तळघरात 'द केव्ह' नावाची गाण्याबजावण्याची जागा आहे, 1927 मध्ये सुरू झालेली. तिथे साउंड कोण बघणार, दारावर कोण उभं राहणार, हे सगळं विद्यार्थीच ठरवतात. तेव्हा नुसती प्रेक्षक म्हणून आलीस तर दोन महिन्यांत गाव संपल्यासारखं वाटेल. एखादं छोटंसं काम अंगावर घेतलंस, तर तुझा शनिवार तुला आपोआप शोधत येईल.

आधी आठवड्याची लय कळू दे. तिथे दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात आणि एका टर्मला साधारण तीन विषय. पहिली परीक्षा चौथ्या-पाचव्या आठवड्यातच येते. म्हणून शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार मोकळा, पण रविवार हा कामाचा दिवस. रविवारी दुपारनंतर लायब्ररीत जागा शोधावी लागते. भटकायचं, स्वयंपाक करायचा, खेळायचं ते शनिवारी उरकून घे.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. शुक्रवारी रात्री साडेआठला नॉर्थफिल्डमध्ये लोक बाहेर पडायला लागतात, तेव्हा भारतात शनिवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. घरी सगळे निवांत, चहा झालेला, आणि नेमका तेव्हाच व्हिडिओ कॉल येतो. तासभर बोलून फोन ठेवेपर्यंत मजल्यावरची सगळी मुलं निघून गेलेली असतात. दर आठवड्याला असंच झालं की ओळखी व्हायच्या राहून जातात. आईबाबांशी आत्ताच ठरवून टाक: रविवारी सकाळी दहाला फोन. तेव्हा घरी रात्रीचे साडेआठ असतात, नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की साडेनऊ. तुझं बोलणंही घाईचं होणार नाही आणि शुक्रवार तुझा राहील.

पहिल्याच आठवड्यात जाऊन ये अशी जागा म्हणजे डेसी मोझेस हाउस. या बाई 1981 मध्ये वारल्या आणि आपलं घर कॉलेजला देऊन गेल्या. त्या हयात असताना मुलं त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन कुकी भाजायची, गप्पा मारायची, आणि ते आजही चालू आहे. पीठ, साखर, लोणी, अंडी घरात भरलेली असतात. कोणीही जावं, कुकी भाजाव्यात, खाव्यात, उरलेल्या पुढे येणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. रविवारी तिथे न्याहारी-जेवण एकत्रच होतं आणि तेही मुलंच करतात. नव्या माणसाला अनोळखी टेबलावर जाऊन बसणं जड जातं, पण कोणी हातात कालथा दिला की बोलणं आपोआप सुरू होतं. मला वाटतं पहिल्या टर्ममध्ये एकटं वाटणाऱ्या मुलांना यासारखं औषध दुसरं नाही.

बाकी यादी मोठी आहे. सगळं कशाला सांगू, तुला बरंच सापडेल. पण महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी गुडसेल वेधशाळा सगळ्यांसाठी उघडी असते, आकाश स्वच्छ असेल तर तिथल्या जुन्या दुर्बिणीतून बघायला मिळतं, ते चुकवू नकोस. कॉलेजला लागूनच सुमारे 880 एकरांचं आर्बोरेटम, म्हणजे राखलेलं रान आहे, सगळे त्याला 'आर्ब' म्हणतात. पायवाटा, नदीकाठ, गवताळ कुरण, आणि बर्फ पडला की स्कीइंग. अभ्यासाने डोकं जड झालं की मुलं तिथेच जातात.

खेळांमध्ये अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीची चकती फेकत खेळायचा सांघिक खेळ, तिथे फार गंभीरपणे घेतात. मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही संघांनी राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आहेत. तू कधी चकती फेकली नसलीस तरी हरकत नाही, नवशिक्यांसाठी वेगळे गट असतात. हिवाळ्यात बाल्ड स्पॉट नावाच्या मधल्या मैदानावर पाणी सोडून बर्फ करतात आणि ब्रूमबॉल खेळतात: साधे बूट, झाडूसारखी काठी, एक चेंडू. कोणालाच धड उभं राहता येत नाही, त्यामुळे खेळ न येणाऱ्यांचीही सोय होते. तुझ्या थंडीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्या खाली जाऊ शकतो, पण तिथली मुलं थंडी संपायची वाट बघत नाहीत. चांगला कोट आणि जलरोधक बूट इथे येऊनच घे, त्यावर पैसे वाचवू नकोस.

दारूबद्दल स्पष्ट बोलते. अमेरिकेत पिण्याचं कायदेशीर वय 21 आहे, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं तुझ्यासाठी ते बेकायदा. तरीही पार्ट्यांमध्ये दारू असते, हे लपवण्यात अर्थ नाही. वसंतात रॉटब्लॅट नावाचा सॉफ्टबॉलचा सामना होतो, कॉलेजचं वय जितकं तितके डाव. कॉलेज 1866 चं आहे, म्हणजे डाव दीडशेच्या वर. पहाटे सुरू होतो, दिवसभर चालतो, आणि बऱ्याच जणांच्या एका हातात बिअर असते. तू लिंबू सरबत घेऊन गेलीस तरी कोणी वळून बघणार नाही. 'मी पीत नाही' एवढं म्हणणं पुरतं, कारण देत बसू नकोस. दारू-सिगारेटमुक्त मजलेही असतात, खोलीचा अर्ज भरताना तो पर्याय बघ.

दोन गोष्टी मात्र गाठ मारून ठेव. एक, मिनेसोटात ऑगस्ट 2023 पासून 21 वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर आहे, पण केंद्राच्या कायद्यात तो अजूनही गुन्हाच आहे आणि व्हिसा केंद्राच्या हातात असतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीने त्याच्या वाटेला जाऊ नये, वय काहीही असो. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. दुसरं, मैत्रीण जास्त पिऊन बेशुद्ध पडली तर भीतीने गप्प बसू नकोस. मिनेसोटात 2013 पासून असा कायदा आहे की मदतीसाठी 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन करणाऱ्या आणि मदत येईपर्यंत थांबणाऱ्या 21 वर्षांखालच्या मुलांवर दारू प्यायल्याचा खटला भरत नाहीत. आधी फोन, बाकी नंतर.

कार्लटनमध्ये फ्रॅटर्निटी-सोरॉरिटी, म्हणजे निवडून सभासद घेणारे मुलांचे आणि मुलींचे क्लब नाहीत, त्यामुळे कोणाच्या यादीत नाव आहे यावर तुझा शुक्रवार अवलंबून नसतो. सगळीकडे असं नाही. इंडियानातल्या डिपॉवमध्ये त्यांचं वजन मोठं आहे, आयोवातल्या ग्रिनेलमध्ये त्या मुळीच नाहीत. तुझी मैत्रीण दुसरीकडे अर्ज करत असेल तर तिला हा प्रश्न आधी विचारायला सांग.

आपल्याकडच्या मुलांबद्दलही विचारलं होतंस. दक्षिण आशियाई मुलांचा गट भेटेल, दिवाळी होईल, फोडणीचा वास घेऊन चार जण स्वयंपाकघरात जमतील. ते हवंच. पण रोजचं जेवण त्याच टेबलावर नको. आणि अमेरिकन मुलं 'कधीतरी जेवायला भेटू' म्हणतात तेव्हा तो निव्वळ चांगुलपणा असतो. तूच लगेच 'मंगळवारी बाराला?' असं विचार. दिवस ठरला की ते नक्की येतात.

गाडीशिवाय मिनिआपोलिस हे जवळचं मोठं शहर जमतं, अंतर साधारण 65 किलोमीटर. बसच्या वेळा मात्र आधी बघून ठेव, परतीची चुकली तर पंचाईत होते. मिनिआपोलिस इन्स्टिट्यूट ऑफ आर्टला प्रवेश मोफत आहे, अख्खा शनिवार तिथे जातो. मोठं हिंदू मंदिर मेपल ग्रोव्हला, शहराच्या पलीकडे आहे, तिथे कोणाच्या तरी गाडीतूनच जावं लागेल. नदीपलीकडे टेकडीवर सेंट ओलाफ कॉलेज आहे, त्यांच्या गायनवृंदांचं नाव देशभर आहे. तिथे चालतसुद्धा जाता येतं.

कॅम्पसवर काम करणार असशील तर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण पहिल्या टर्मला आठ-दहाच घे. लायब्ररीच्या काउंटरवरची पाळी मिळाली तर सोन्याहून पिवळं, अर्धं कॉलेज तुझ्यासमोरून जातं.

आणि एक, ज्याचा विचार मुलं फार उशिरा करतात. पहिली टर्म थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आधी संपते आणि पुढची जानेवारीतच सुरू होते. मधले सुमारे सहा आठवडे कॅम्पस रिकामा असतो, राहायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. घरी येणार असशील तर तिकीट उन्हाळ्यातच काढ. राहणार असशील तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला सप्टेंबरातच विचार, आणि मलाही कळव. थँक्सगिव्हिंगचे चार दिवस आमच्या घरी ये, येताना एखादी मैत्रीण घेऊन आलीस तरी चालेल.