कारच्या खिडक्यांभोवतीची क्रोम पट्टी घरी काळी करावी की दुकानात द्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गाडी पांढरी सेडान, खिडक्यांभोवतीची चकचकीत पट्टी काळी करायची आहे, राहायला घोडबंदर रोडला, स्वतः व्हिनाइल (चिकट प्लास्टिकची फिल्म) लावायची तयारी आहे. पण डिटेलिंगवाला (गाड्या चकाचक करून देणारा) म्हणाला, "घरी केलेलं पहिल्या पावसात निघतं, आमच्याकडेच द्या."

बाकी सगळं सोडून दिलं असतं, पण हे पहिल्या पावसात निघण्याचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. अगदी हेच वाक्य आमच्या साडूंनी मला ऐकवलं होतं, तेही गणपतीच्या पंगतीत, चारचौघांत.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण पुढे ते लागणार आहे. वागळे इस्टेटमध्ये आयटी पार्कच्या काचा यायच्या आधी, भोंगे वाजायचे त्या दिवसांपासून मी प्लेटिंगमध्ये होतो, म्हणजे वस्तू टाकीत बुडवून तिच्यावर निकेल-क्रोमचा थर चढवण्याच्या कामात. नळाच्या तोट्या, स्कूटरची हँडलं, सायलेन्सरचे बेंड, नंतर प्लास्टिकचे नॉब आणि गाड्यांच्या पट्ट्या. आयुष्य क्रोमच्या टाकीवर गेलं. त्यामुळे क्रोम झाकून टाकणाऱ्या फॅशनवर माझा मुळातच थोडा राग आहे, तो वजा करून वाचा. पांढऱ्या गाडीला काळी किनार शोभते, हे मात्र मान्य.

पेंटरचा विषय आधी संपवतो. कोणी म्हणाला "पेपर मारून (म्हणजे सँडपेपरनं घासून) काळा स्प्रे मारून देतो", तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. त्या पट्टीवर तुम्हाला जे चमकताना दिसतं ते बहुतेक निकेल असतं. वरचा क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. निकेल काळवंडू नये एवढंच त्याचं काम. पेपर मारला की तो थर गेलाच. पुढे रंग टवके धरून निघतो आणि खालून डागाळलेली पट्टी बाहेर येते, ती परत चकचकीत करणारा आता ठाण्यात शोधावा लागतो. ॲसिडमध्ये बुडवून क्रोम उतरवून देणारेही भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. सोलता येणारा रबरी स्प्रे त्यातल्या त्यात बरा, पण पट्टी अरुंद, मास्किंगचा, म्हणजे आजूबाजूचं झाकून घेण्याचा व्याप मोठा, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रे उडवलात तर शेजारच्या गाडीवर बसणाऱ्या काळ्या धुरळ्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तेव्हा व्हिनाइलच. त्यातही कास्ट फिल्म, म्हणजे ओतून केलेली. स्वस्तातली कॅलेंडर्ड, म्हणजे लाटून केलेली फिल्म उन्हात आकसते आणि कडेला पांढरी फट दाखवते.

आता साडू.

आमचे साडू खारघरला असतात. माणूस चांगला आहे, पण कुठल्याही कामाची पावती हातात असली की ते काम उत्तमच झालं असणार, अशी त्यांची श्रद्धा. उन्हाळ्यात त्यांनी गाडीच्या पट्ट्या काळ्या करून घेतल्या. दुकान म्हणजे नुसता थाट: छताला षटकोनी दिवे, बसायला सोफा, कॉफी. सकाळी गाडी दिली, दुपारी मिळाली, सोबत छापील गॅरंटी. आमच्या गाडीचं काम मी आणि माझ्या धाकट्या लेकीनं त्याआधीच्या थंडीत सोसायटीच्या स्टिल्टखाली केलं होतं. तेव्हापासून साडूंचं एकच पालुपद. घरी केलेलं घरगुतीच दिसतं, आणि पहिल्या पावसात निघतं. एकदा तर म्हणाले, "तुमचं काय, डबक्यात बुडवून काढायची सवय." माझ्या नोकरीला कोणी डबकं म्हटलेलं मला आवडत नाही.

गणपतीला सगळे आमच्याकडे होते. पाऊस बऱ्यापैकी होऊन गेला होता. साडूंनी पंगतीत पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा धाकटी म्हणाली, "काका, दोन्ही गाड्या खालीच आहेत. बघून येऊ या का?" निम्मी पंगत हात धुऊन खाली उतरली. मेव्हणी वरूनच ओरडत होती की आरती व्हायचीय.

आमच्या पट्टीवर नख फिरवलं, कड कुठेच लागली नाही. त्यांच्या मागच्या दाराच्या टोकाला, जिथे पट्टी वळून निमुळती होते, तिथे फिल्म मागे सरली होती. गोंदाला चिकटलेल्या चिखलाची करडी रेघ आणि तिच्या पलीकडे चंद्रकोरीएवढं क्रोम उघडं. साडू म्हणाले, "गॅरंटी आहे." नंतर दुकानात गेले तर उत्तर मिळालं की गॅरंटी फिल्मच्या रंगावर आहे, कडांवर नाही. म्हणजे जिथून निघते ती जागा सोडून बाकी सगळ्यावर गॅरंटी!

शेवटी ती फिल्म मीच काढली, माझ्याच पार्किंगमध्ये. त्यात जे दिसलं त्यासाठी हे सगळं सांगतोय. पट्टीवर काही नव्हतं, पण पट्टीला लागून असलेल्या दाराच्या चौकटीच्या रंगावर ब्लेडची केसासारखी बारीक रेघ, सरळ रुळासारखी, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फिल्म गाडीवरच ठेवून कापलेली. एका ठिकाणी रेघ पत्र्यापर्यंत गेली होती आणि तिच्यात तांबूस गंज धरायला लागला होता. खाडीची हवा, त्यात पावसाळा, कापलेला रंग किती दिवस टिकणार? बाहेरच्या बीडिंगलाही (काचेलगतच्या रबरी पट्टीला) दोन ठिकाणी ब्लेड लागलेलं. पैसे देऊन गाडीला ओरखडे काढून घेतले होते.

पोरानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याला दुपारपर्यंत गाडी बाहेर काढायची होती, मागे अजून गाड्या उभ्या होत्या. पण "व्यावसायिक" ह्या शब्दाला हात जोडायच्या आधी बघा की आत काम कोण करतंय आणि त्याला किती वेळ दिलाय.

आता तुमच्या कामाचं. फिल्म निघते ती दोनच कारणांनी. खाली मेण किंवा तेल राहिलं, किंवा वळणावर ती ताणून बसवली आणि नंतर नीट तापवली नाही. पाऊस फक्त ते उघडं पाडतो.

पहिल्याची परीक्षा आम्ही कारखान्यात रोज करायचो. वस्तू धुऊन पाण्यातून वर काढायची आणि बघायची. पाणी सलग चादरीसारखं पसरून राहिलं तर वस्तू साफ. कुठे चादर फाटली, थेंब गोळा झाले, तर तिथे तेल आहे. परत धुवा, नाहीतर निकेल पापुद्र्यासारखं सुटणार. तुमच्या पट्टीवर हेच करा. शाम्पूनं धुवा, पाणी ओता, बघा. वर्षानुवर्षं पॉलिश चोपडलेल्या गाडीवर पहिल्यांदा थेंबच दिसतील. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ कापड, पुन्हा पाणी. आमच्या गाडीची एक पट्टी काही केल्या चादर धरेना, तेव्हा धाकटीनं जुना टूथब्रश आणून बीडिंगच्या खाचेतलं काळं मेण उकरून काढलं. साडूंच्या दुकानात एक फडका मारला होता, ते स्वतः सोफ्यावरून बघत होते.

दुसरं म्हणजे उष्णता. पट्टीपेक्षा फिल्म दोन्ही बाजूंनी साधारण सेंटिमीटरभर जास्त घ्या आणि ती कड बीडिंगखाली खोचा. उघड्यावर कापू नका. जिथे कापावंच लागेल तिथे सुरीविना कापायची टेप मिळते, आत दोरा असलेली, ती आधी लावून घ्या. हीट गननं फिल्म फक्त मऊ करायची, खेचायची नाही. सगळं बसल्यावर कडा आणि टोकं पुन्हा तापवायची, फिल्मच्या कंपनीनं सांगितलेल्या तापमानापर्यंत. कास्ट फिल्मला ते बहुतेक ९० अंशांच्या वर असतं. हे केलं नाही तर फिल्मला आपला मूळ आकार आठवतो आणि ती मागे सरते. हेअर ड्रायरनं हे होत नाही. हीट गन दीड-दोन हजार वॅटची असते, त्यामुळे सोसायटीच्या कॉमन प्लगला लावलीत तर सेक्रेटरी खाली येतील. आम्ही पहिल्या मजल्यावरून वायर सोडली होती.

दिवस डिसेंबर-जानेवारीतला निवडा आणि जागा बंदिस्त. मे महिन्यात पत्रा एवढा तापलेला असतो की गोंद टेकताक्षणी धरतो आणि फिल्म उचलून पुन्हा बसवता येत नाही. ग्लॉस काळ्याखाली धुळीचा एक कण राहिला तरी पुरळासारखा दिसतो. तेव्हा घोडबंदरला बांधकामं चालू असतील तिथे उघड्यावर गाडी लावून हे काम करू नका. सॅटिन, म्हणजे कमी चमकीचा काळा घेतलात तर थोडं खपून जातं.

साडूंचं म्हणणं अजूनही तेच. "तुम्हाला वेळ आहे हो, आम्हाला नाही." मी म्हणतो, खारघरहून दुकानात जा, दुपारपर्यंत थांबा, गॅरंटीसाठी परत जा, भांडा, मग ठाण्याला येऊन साडूकडून काढून घ्या, हा वेळ कोणाच्या खात्यात मांडायचा? आणि घरी करणं म्हणजे कंजूषपणा, हे तर मला मुळीच पटत नाही. हीट गन, चांगली फिल्म आणि वाया जाणारा तुकडा धरला तर पहिल्या वेळी फारसे पैसे वाचतही नाहीत. वाचतो तो दाराच्या चौकटीवरचा रंग.

तरी काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. माझा हात आयुष्यभर बारीक कामात गेलाय, तुमचा गेला नसेल तर सरळ पट्ट्या घरी करा आणि मागचं निमुळतं टोक किंवा त्रिकोण दुसऱ्याकडून करून घ्या. त्यासाठी झगमगीत दुकानच लागतं असं नाही. नंबरप्लेट आणि स्टिकर करणारा जुना रेडियमवाला गाठा, फिल्म तुमची द्या, आणि समोर उभे राहा. हे लोक दिवसभर व्हिनाइलच हाताळतात, आणि तुम्ही उभे राहिलात म्हणून त्यांना राग येत नाही.

पट्टी कशाची आहे तेही बघा. हाताला गार लागली तर धातू. चुंबक धरला नाही म्हणून स्टील नाही असं समजू नका, काही स्टेनलेसला चुंबक लागत नाही. प्लास्टिकवर प्लेटिंग असेल तर हीट गन एका जागी धरायचीच नाही, कारण ज्या तापमानाला फिल्म पक्की बसते त्याच्याच आसपास ते प्लास्टिक नरम पडतं. महागड्या जर्मन गाड्यांवर बहुतेक ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेनं वर संरक्षक थर दिलेलं) ॲल्युमिनियम असतं, त्यावर कडक क्षारी क्लीनर मारलात तर दुधी डाग पडतात आणि ते जात नाहीत.

टाकीवरच्या माणसांसाठी मात्र क्रोम कमी झालं तर मला आनंदच आहे. टाकीतलं क्रोमिक ॲसिड हाताला भोकं पाडतं, नाकाच्या पडद्यालाही पाडतं, कॅन्सरचं कारण आहे. युरोपात ते २०१७ पासून विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. तुमच्या पट्टीवर बसलेलं क्रोम निरुपद्रवी असतं, त्याला घाबरू नका.

आणि पट्टी काळी केली म्हणून पोलीस अडवत नाहीत; काचेला काळी फिल्म लावली तर अडवतात. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाचा आदेश २०१२ चा आहे. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे. दुकानवाला "सोबत काचाही करून घ्या" म्हणेल, साडूंनाही म्हणाला होता.

काम झाल्यावर निदान एक दिवस गाडी धुऊ नका, आणि गाडी धुणाऱ्या मुलाला सांगून ठेवा की प्रेशरचा पाइप कडेवर जवळून आडवा धरायचा नाही.