वाचकांचे प्रश्न : ताडोबा नेमके काय आहे?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही आगरझरी प्रवेशद्वारातून ताडोबाची सफारी केली. परतल्यावर नातेवाइकांनी सांगितले, की तो तर बफर भाग, खरे राष्ट्रीय उद्यान तुम्ही पाहिलेच नाही. त्याच जंगलाला कुठे राष्ट्रीय उद्यान, कुठे अभयारण्य, तर कुठे व्याघ्र प्रकल्प म्हटलेले आढळते. यांपैकी बरोबर काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, कारण ही तीन नावे एकाच सलग जंगलाच्या भागांवर वेगवेगळ्या काळी चढलेली आहेत. ताडोबा तलावाभोवतीचे ११६.५५ चौरस किलोमीटर जंगल १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात होता. म्हणजे महाराष्ट्राचे हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान खुद्द महाराष्ट्र राज्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे आहे. त्याला लागून असलेले, अंधारी नदीच्या नावाने ओळखले जाणारे ५०८.८५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. या दोहोंना आज प्रकल्पाचे गाभा क्षेत्र म्हणतात आणि त्याभोवतीचे सुमारे ११०० चौरस किलोमीटर म्हणजे बफर.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे अधिक घनदाट किंवा अधिक वाघांचे जंगल, असा समज सर्वत्र आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेला भेद प्राण्यांचा नसून माणसांच्या हक्कांचा आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील जमिनीवरचे सर्व खासगी हक्क संपुष्टात यावे लागतात आणि तेथे गुरे चारण्यास पूर्ण मनाई असते. अधिकृत व्यक्तीचे वाहन म्हणून वापरलेले जनावर एवढाच काय तो अपवाद. अभयारण्यात मात्र मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून काही हक्क पुढे चालू ठेवता येतात, आणि चराईवर नियंत्रण घालायचे की ती बंद करायची हे त्यांना ठरवता येते. हा फरक किती ताणला जाऊ शकतो, याचे उदाहरण सोलापूर-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) परिसरातील माळढोक पक्ष्याचे अभयारण्य होय. १९७९ साली घोषित झालेल्या या अभयारण्याच्या सुमारे ८५०० चौरस किलोमीटरच्या हद्दीत शेते, गावे, रस्ते असे सारेच आले होते, आणि पुढे ते सुमारे १२०० चौरस किलोमीटरवर आणावे लागले. राष्ट्रीय उद्यानाची अशी आखणी कल्पनेतही शक्य नाही.

व्याघ्र प्रकल्प हा प्रकार आणखी निराळा. १९७३ मध्ये तो केंद्र सरकारची योजना म्हणून सुरू झाला आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर त्याला कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. त्याचा गाभा सामान्यतः आधीच्या राष्ट्रीय उद्यानांतून आणि अभयारण्यांतूनच घडतो, तर बफरमध्ये गावे राहतात, शेती होते आणि त्याच वाटांनी वाघही फिरतात. यामुळेच राज्यातील सहा राष्ट्रीय उद्याने आणि सहा व्याघ्र प्रकल्प या याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल (मेळघाट) आणि चांदोली (सह्याद्री) ही उद्याने प्रकल्पांच्या आत आहेत. मुंबईतील संजय गांधी उद्यान कोणत्याच व्याघ्र प्रकल्पात नाही. आणि वर्धा जिल्ह्यातील बोर येथे प्रकल्प आहे, पण राष्ट्रीय उद्यान नाही.

आता आपल्या नातेवाइकांविषयी. आपण बफरमध्ये फिरलात हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र गाभ्याचाही पाचांतला जवळजवळ चार भाग अंधारी अभयारण्याचा आहे, तेव्हा गाभ्यातून परतलेल्या कित्येकांचा बराचसा वेळ राष्ट्रीय उद्यानाबाहेरच गेलेला असतो, हे त्यांना अवश्य सांगावे. बफरमध्ये वाघिणी पिल्ले वाढवतात, आणि माणूस व वाघ यांच्यातील संघर्षाचा मोठा भार तेथीलच गावकरी वाहतात. त्या जंगलाला कमी प्रतीचे समजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते, त्या काळात बफरमधील काही फाटके मात्र उघडी असतात.

प्रश्न : शेकरू (झाडांवर राहणारी मोठी खार) हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, तर त्याच्यासाठी कोणते राष्ट्रीय उद्यान राखून ठेवले आहे?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. पुणे, ठाणे आणि रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवरील भीमाशंकरचे जंगल प्रामुख्याने शेकरूसाठी १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेकरू मेळघाटातही आढळते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उड्या घेत ते जमिनीवर क्वचितच उतरते, म्हणून त्याला सलग, एकमेकांत फांद्या गुंतलेले उंच जंगल लागते. भीमाशंकरला गेलात तर झाडांच्या शेंड्यांकडे, काटक्यापानांच्या गोल घरट्यांवर लक्ष ठेवा.