आधी कीर्द, मग खतावणी

शहापूर, बेळगाव

पोरी,

परवा खानापूरहून आलीस, चहा निवून गेला तरी कप उचलला नाहीस आणि फोन माझ्यापुढं धरून एकेक ॲप दाखवत बसलीस. मी मोजली, सात निघाली. ट्रेलो, नोशन, कीप, टॉगल, दोन कॅलेंडरं आणि एक ते झाडाचं, फोनला हात लावला नाही तर झाड वाढतं म्हणे. आणि एवढा सरंजाम असून भाषांतराच्या कामात हुबळीच्या बाईंचा कन्नड मजकूर तू कोल्हापूरच्या दूधवाल्यांना पाठवलास. वर मलाच विचारतेस, "काकू, यातलं नेमकं कुठलं वापरू?" तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मला राग आला होता. थोडा तुझा, जास्त माझा. तुझ्या वयात मी हेच केलंय, फक्त ॲपच्या जागी चिठ्ठ्या होत्या.

माझे वडील रविवार पेठेत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. लाल कापडी बांधणीची कीर्द, म्हणजे घडेल तसं रोजचं लिहायची वही, लांबट, मांडीवर मावेल एवढी. दुकानात कुणीही काहीही सांगत आलं, गाडी लागली, हमाली द्यायची, अमक्यानं ५० रुपये उचल मागितली, की बाबा हात वर करायचे: "थांब, आधी कीर्दीत पडू दे." मालक असला तरी तेच. लिहून होईपर्यंत पुढचं ऐकायचेच नाहीत. खतावणी, म्हणजे खात्यागणिक हिशोबाची वही, निवांत संध्याकाळी. कुणाच्या नावे किती, कुणाकडून येणं किती, ते सगळं कीर्दीवरून उतरवायचं. उलटं कधी नाही.

तुझ्याकडं सात खतावण्या आहेत आणि कीर्द एकही नाही. तुझा घोटाळा एवढाच आहे.

माझाही एवढाच होता. २००९ साली एका लग्नाची पाठपोट पत्रिका केली होती. मुलगी इथली, सासर धारवाडचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मराठीचे फॉन्ट एका मशीनवर, कन्नडचे दुसऱ्या. मुलीच्या वडिलांचा फोन आला, मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा होता तो ११ वाजून १० वर आलाय. मी लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं, लगेच मराठी बाजू दुरुस्त केली, आणि कन्नड मशीनवर मुलगा दुसरं काही करत होता म्हणून म्हटलं, नंतर. ते नंतर आलंच नाही. ४०० पत्रिका छापून गेल्या. धारवाडची बस आली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगतीला पानं मांडायला लागले होते. मुलीच्या वडिलांनी पैसे कापले नाहीत. हिशोब पूर्ण चुकता केला आणि पुन्हा माझ्या दारात आले नाहीत. रामलिंगखिंड गल्लीत अजून दिसतात, मान हलवतात, बोलत नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून सांगते, काम कुठूनही येऊ दे, आधी कीर्दीत पडू दे. गूगल शीट उघड, एकच. सात खण कर: तारीख, कोणी सांगितलं, काय, कुठल्या भाषेत, कधी द्यायचं, किती ठरले, पैसे आले का. दुरुस्ती आली तरी नवी ओळ, जुनी खोडायची नाही. रंग नकोत, ते ड्रॉपडाउन तर नकोतच. तुला शीट सजवायची हौस आहे हे मी पाहिलंय. गेल्या महिन्यात नोशनचं पान लावण्यात दोन दिवस घालवलेस आणि त्याच दोन दिवसांत बेंगळुरूवाल्यांची तारीख चुकवलीस. त्या शीटचा शॉर्टकट फोनच्या पहिल्या स्क्रीनवर ठेव. बसमध्ये उभी असशील, हात मोकळा नसेल, तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकता येतो, तिथं टाक. पण रात्री जेवायच्या आधी ते शीटमध्ये उतरलं पाहिजे. व्हॉट्सॲप ही कीर्द नव्हे. तिथं कामाच्या वर गुड मॉर्निंग येऊन बसतं.

आणि व्हॉइस मेसेज. आपल्याकडं लोकांना टायपायचा कंटाळा, गाडी चालवता चालवता दोन मिनिटं बोलतात. ऐकलं की आपल्याला वाटतं काम समजलं. समजलेलं नसतं. उलट लिहून पाठवायचं: "तुम्ही सांगितलं ते असं, मराठीतून कन्नड, चार पानं, १८ तारखेला, २२०० रुपये. बरोबर ना?" त्यांचं "हो" आलं की ते कीर्दीत. "हो" येईपर्यंत मी फाइल उघडतच नाही.

यावरून लोक मला शिष्ट म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. उद्यमबागेतले एक कारखानदार मला बरं काम द्यायचे, पण सगळं फोनवर. मी म्हटलं, दोन ओळी लिहून पाठवत चला. ते म्हणाले, एवढा विश्वास नाही काय? काम गेलं. आमच्या घरात अजून निघतं ते, "दोन ओळींसाठी गिऱ्हाईक घालवलं." घालवलं की! पण २०२४ साली पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आला, गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत सगळ्यांना पाट्या एकदम हव्या होत्या, तेव्हा एका दुकानदारानं नावाचं स्पेलिंग तीनदा बदललं आणि चौथ्यांदा म्हणाला, तुम्हीच चुकवलात. मी तिन्ही वेळच्या तारखा वाचून दाखवल्या. तिन्ही वेळचे पैसे दिले त्यानं. मी हट्टी असेन. पण चुकीची नव्हते, तेव्हाही आणि त्या कारखानदाराच्या वेळीही.

आता खतावण्यांचं, थोडक्यात. ट्रेलो ठेव, पण गिऱ्हाइकागणिक बोर्ड मांडू नकोस. फुकटच्या खात्यात १० बोर्डांवर हात आखडतो आणि दहाची गरजही नाही. एकच बोर्ड, त्यावर चार याद्या: घेतलंय, चालू आहे, दिलंय, पैसे यायचेत. चौथी यादी रोज बघायची. नोशन काढून टाक. फुकटात ५ एमबीच्या वरची फाइल चढत नाही, आपले स्कॅन केलेले दस्त त्यात मावत नाहीत. फाइली ड्राइव्हवर, पण तिथली १५ जीबी जागा ही ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो मिळून आहे. तुझ्या मावसबहिणीच्या हळदीचे व्हिडिओ त्यात भरलेत. ती भरली की नुसते फोटो थांबत नाहीत, येणारी मेलही बंद होते, आणि गिऱ्हाईक समजतं तू उत्तर देत नाहीस. फाइलचं नाव वर्षापासून सुरू कर, २०२५-०६-१८, मग गिऱ्हाईक, मग "मरा" किंवा "कन", म्हणजे मराठी की कन्नड. त्या दोन अक्षरांनी हुबळीचं कोल्हापूरला गेलं नसतं.

कॅलेंडर एकच, आणि त्यात फक्त वेळेला बांधलेलं. १ नोव्हेंबर आधीच टाकून ठेव. त्या दिवशी इथं कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिवस, गावात फिरणं अवघड. पुण्याच्या माणसाला त्याचा पत्ता नसतो, तो बरोबर तेव्हाच ११ वाजता मीटिंग लावतो. आणि पावसाळ्याआधी डॉक्स व शीट ऑफलाइन चालेल असं करून घे. तुमच्याकडं करंट गेला की रेंजही जाते, आणि ती सोय रेंज असतानाच करावी लागते.

टॉगल, ते कामाचा वेळ मोजणारं, ते मात्र ठेव, ठेवच. मी वर्षानुवर्षं पानावर पैसे घेतले. हातानं लिहिलेल्या जमिनीच्या जुन्या कन्नड पहाणी उताऱ्याचं मराठी करायचं, एक पान, एका पानाचे पैसे. घड्याळ लावून बघितलं तेव्हा कळलं, त्या एका पानाला चार तास जात होते. छापील चार पानं तेवढ्यात होतात. हे कळलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. त्या वर्षांचा हिशोब मी काढला नाही, काढणारही नाही.

परवा म्हणालीस, फुकटच आहे ना, राहू दे की सगळं. फुकटाचं एक असतं, मालकाच्या मनात आलं की नियम बदलतो. वंडरलिस्ट नावाचं यादीचं ॲप लाखो लोक वापरत होते. मायक्रोसॉफ्टनं विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ पासून फुकटवाल्यांना ५० टिपणांवर आणून ठेवलं. त्यांचं दुकान, त्यांची मर्जी. म्हणून महिन्याच्या १ तारखेला शीट उतरवून पेनड्राइव्हवर घे. खतावणी गेली तर कीर्दीवरून पुन्हा लिहिता येते. कीर्द गेली तर बाबांनासुद्धा लिहिता आली नसती.

हे वाचून मला फोन करू नकोस, तू फोनवर रडतेस आणि मग मी मऊ पडते. हुबळीच्या बाईंना आज दुपारच्या आत माफी लिही, कारणं न देता. मग शीट उघड, त्यांचं काम पहिल्या ओळीत लिही आणि तेवढ्या ओळीचा फोटो मला पाठव.

तुझा स्टीलचा डबा इथंच राहिलाय. धुऊन ठेवलाय, आणि वहीत लिहूनही ठेवलाय.

तुझी,
काकू