चेसिस नंबर कापून दुसऱ्या बॉडीला लावायचा? आधी हे वाचा

पाऊस गेला की गोव्यातल्या पडव्यांमधल्या ताडपत्र्या उघडतात, खालून आजोबांची गाडी निघते, आणि दोन दिवसांत मला विचारणा सुरू, की पत्रा गेलाय, बॉडी बदलू का. शब्द वेगळे, घोळ तोच. म्हणून यावेळी हेच प्रश्न एकत्र घेतलेत.

एक दरवाजा आणि पुढची दोन मडगार्डं संपलीत. दुसऱ्या गाडीची आणून बसवली तर आरटीओला कळवायचं का? (म्हापसा)

नाही. त्याच मॉडेलची बसवा. रंग बदलणार असाल तर मात्र आरसीवर नोंद हवी.

आजोबांची मर्सिडीज १८० डी, पूर्वी टॅक्सी होती. खालून पूर्ण गंजलीय. पुण्यात तेच मॉडेल चांगल्या बॉडीत मिळतंय. एजंट म्हणतो आपला चेसिस नंबर त्यावर पंच करून (ठोकून) देतो, कुणी बघत नाही. करू का? (फोंडा)

नका करू. आणि त्या एजंटला परत फोनही करू नका.

आता नीट सांगतो कारण हाच प्रश्न मला दर महिन्याला येतो. जुन्या जीपला खाली वेगळी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा असतो, बॉडी बोल्ट काढून उचलता येते, फोक्सवॅगन बीटललासुद्धा खालचा प्लॅटफॉर्म वेगळा. पण १९५३ ला आलेली १८० मालिका ही मर्सिडीज कंपनीची वेगळी चेसिस नसलेली पहिली गाडी, म्हणजे फ्लोअर, सिल (दरवाज्याखालची पट्टी), पिलर (छपराचे खांब) सगळं मिळून एकच कवच. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीचंही तेच. अशा गाडीचं कवच बदललं की आजोबांची गाडी संपली, उरली पुण्याची गाडी आणि तिच्यावर तुमचा खोटा नंबर. पुण्याच्या गाडीचा मूळ नंबर घासला, तो कुणाच्या चोरीच्या केसमधला निघाला तर पोलीस एजंटच्या नाही तुमच्या दारात येणार. चेसिस नंबर खोडणं-ठोकणं हे रिस्टोरेशन नाही, फौजदारी भानगड आहे. ठोकलेले आकडे तपासणीत कळतात, आणि तेव्हा नाही कळले तरी तुमचा मुलगा गाडी विकायला काढेल तेव्हा कळतील.

मग करायचं काय? आधी कवच उघडं करून बघा किती खरंच गेलंय, आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने ओल त्यामुळे सिल आणि फ्लोअर जातातच, पण वरचा भाग बऱ्याचदा वाचतो. गेलं असेल तेवढंच कापा, नवा पत्रा जोडा, प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा. आणि कवच खरंच हाताबाहेर गेलं असेल तर पुण्याची गाडी तिच्याच आरसीवर, तिच्याच नंबरवर, तिथली एनओसी घेऊन रीतसर गोव्यात आणा आणि आजोबांची नंबरप्लेट हॉलमध्ये लावा. लाज वाटायचं काही कारण नाही. ग्राइंडर चालवायच्या आधी मात्र आरटीओच्या इन्स्पेक्टरला गाडी दाखवा आणि उत्तर लेखी घ्या, कापून झाल्यावर मला विचारू नका.

ॲम्बॅसेडरचं छप्पर कापून लग्नाला भाड्याने द्यायचीय. (मडगाव)

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही. कंपनीने दिलेली मूळ रचना बदलता येत नाही.

बॉडी बदललेल्या गाडीला व्हीए नंबर (विंटेज गाड्यांची खास नोंदणी) मिळेल का? (पणजी)

२०२१ च्या नियमात गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी शेल (कवच) किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. शेल बदललं असेल तर अवघडच. फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची, आणि या नंबरवर रोजचा किंवा धंद्याचा वापर नाही. जुना नंबर असलेली गाडी तोच नंबर ठेवू शकते, म्हणून घाईने अर्ज करू नका, आधी आरटीओत विचारा.

युद्धापूर्वीच्या गाडीची फक्त चेसिस मिळालीय. तिच्यावर नवी बॉडी बांधणं फसवणूक आहे का? (वास्को)

बांधणं फसवणूक नाही, लपवणं आहे. त्या काळी रोल्स-रॉइस, बेंटली चेसिसच विकायच्या, बॉडी गिऱ्हाईक दुसरीकडून बांधून घ्यायचा, नंतर बदलायचाही. १९२९ आणि १९३० ला फ्रान्समधली ल मां शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' बेंटली घ्या. तिचे भाग इतके बदलले होते की तिला खरी म्हणायचं का यावरून भांडण लंडनच्या कोर्टात गेलं, १९९० मध्ये जजने तिला खरी मानलं, कारण गाडीचा इतिहास कुठे तुटलेला नव्हता. तुमच्याकडे तो धागा फक्त चेसिसपुरता आहे, तेवढाच सांगा. फिवा या जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची तुरिन सनदही हेच म्हणते, नवं काम ओळखता यावं आणि नोंदलेलं असावं. कागद आणि आरसीवरचा बॉडी टाइप मात्र बांधायच्या आधी आरटीओकडून तपासून घ्या.

जाहिरातीत 'फुल्ली रिस्टोअर्ड, ओरिजिनल' लिहिलंय. विश्वास ठेवू का? (डिचोली)

दोन्ही शब्द एका ओळीत आले की मी लोहचुंबक खिशात घालून जातो. चिकटला नाही तिथे पुट्टी आहे. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, आकड्यांभोवती वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर व्हॅल्युअर (गाडी तपासून किंमत ठरवणारा) न्या. आणि कामाचे फोटो मागा. फोटो नाहीत म्हणाला तर टोकनसुद्धा देऊ नका.