पॉवर बीआय: आधी पान ठरवा, मग चार्ट

पॉवर बीआय म्हणजे आकडेवारीचे रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्यात चार्ट ओढायच्या आधी रिपोर्ट कुठे बघितला जाणार ते विचारा. अंधेरीच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर की विरार लोकलमध्ये मोबाइलवर? सुरुवातीचं पान १६:९, बऱ्याचदा १२८० × ७२० पिक्सेल असतं. लॅपटॉपसाठी तेच ठेवा, उगाच बदलू नका.

बदलायचंच असेल तर पानाच्या रिकाम्या जागी क्लिक करा, फॉरमॅट पेनमध्ये (सेटिंग्जच्या बाजूच्या पट्टीत) कॅनव्हास सेटिंग्ज, म्हणजे पानाच्या सेटिंग्ज, उघडा, टाइप 'कस्टम' करा आणि उंची-रुंदी भरा. आडव्या ए४ प्रिंटसाठी साधारण ११२३ × ७९४.

नवखे इथेच अडकतात: पंधरा चार्ट मांडून झाल्यावर आकार बदलतात. पान वाढलं तरी चार्ट त्यासोबत वाढत नाहीत, कडेला रिकामी पट्टी उरते आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. म्हणून आकार पहिल्याच दिवशी पक्का करा.

आणखी दोन चुका:
- सगळं एकाच पानावर कोंबणं. दादर, ठाणे, बोरिवली शाखांसाठी तीन चार्ट नकोत; एक चार्ट आणि एक स्लायसर (शाखा निवडायचं फिल्टर) पुरे.
- 'फिट टू पेज'ला पानाचा आकार समजणं. तो फक्त पान स्क्रीनवर कसं दिसेल याचा पर्याय आहे. लांब पानाला 'फिट टू विड्थ' लावा, नाहीतर अक्षरं बारीक होतात.

मोबाइलसाठी वेगळा रिपोर्ट नको, 'मोबाइल लेआउट' (त्याच पानाची मोबाइलसाठी वेगळी मांडणी) वापरा. टूलटिप पानं (चार्टवर माउस नेल्यावर दिसणारी छोटी पानं), बुकमार्क (पानाची जतन केलेली स्थिती) सध्या राहू द्या. पहिलं पान जमलं की दाखवा, नक्की बघतो.