‘ऑब्स्ट्रक्ट’ या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय? ‘ब्लॉक’ आणि ‘प्रिव्हेंट’पेक्षा तो वेगळा कसा?

अडथळा आणणे. डिक्शनरी एवढ्यावर थांबते, पण या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे.

2019 मध्ये वडिलांच्या सातबाऱ्यावरची चुकलेली नोंद दुरुस्त करायला एका कार्यालयात पाचव्यांदा गेलो होतो. म्हटलं, “भाऊसाहेब, अर्जाची पोच द्या.” पोच मिळत नाही म्हणाले. मी खिडकीपाशी तसाच उभा. भाऊसाहेबांनी मान वर न करता पेनानं भिंतीकडं दाखवलं. पाटी होती : ‘सरकारी कामात अडथळा आणल्यास कलम 353 अन्वये कारवाई.’ निमूट घरी आलो.

रात्री भारतीय दंड संहितेतलं मूळ इंग्रजी कलम काढलं. 353 मध्ये ऑब्स्ट्रक्ट हा शब्दच नाही! तिथं हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. ‘व्हॉलंटरिली ऑब्स्ट्रक्ट्स’, म्हणजे मुद्दाम अडथळा आणणं, होतं 186 मध्ये, आणि त्याला तेव्हा जास्तीत जास्त तीन महिने कैद, 500 रुपये दंड किंवा दोन्ही. पाटी रंगवणाऱ्यानं सरळ मोठा आकडा उचलला होता.

मेहुणे आजही म्हणतात, “मागची रांग तुंबली होती ना? मग तू ऑब्स्ट्रक्टच करत होतास.” साफ चूक. रांग ऑब्स्ट्रक्ट झाली असेल, काम नाही. पोच देणं हेच तर त्यांचं काम होतं! काम मागणारा माणूस कामात अडथळा कसा?

बाकी फरक सोपा आहे. ब्लॉक म्हणजे वाट बंद. ऑब्स्ट्रक्टमध्ये काम अडखळत का होईना, चालू राहू शकतं. प्रिव्हेंट म्हणजे घडूच न देणं, आणि कुणाला काही करण्यापासून रोखलं असं म्हणताना त्याच्यापुढे ‘फ्रॉम’ येतं. ऑब्स्ट्रक्टला ‘फ्रॉम’ लागत नाही, थेट कर्म पुरतं. आणि कायद्यातलं ते ‘मुद्दाम’ क्रिकेटमध्येही लागतं. 2006 मध्ये पेशावरला इंझमामनं क्रीझबाहेर उभं राहून रैनाचा थ्रो बॅटनं अडवला आणि ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ बाद झाला. चेंडू चुकून अंगावर आदळला असता तर नसता झाला. मुद्दाम केलेलं असावं लागतं, मेहुण्यांनी हे वाचावं.

अर्थात हे कायद्यात आणि मैदानात. दवाखान्यात हेतूचा प्रश्नच नाही, आतड्याला ऑब्स्ट्रक्शन होतं ते काही कुणी मुद्दाम करत नाही. आणि मी वकील नाही. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत आकडेही बदललेत : 186 चं 221, 353 चं 132.

पोच सातव्या खेपेला मिळाली. तारीख मात्र त्याच दिवशीची टाकली होती.